नदीतलं भरीत

कोळझिरे, ता. यावल
८ डिसेंबर २०२४

ती. अक्का,

नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून सांगायला लागलो की सुनंदा म्हणते, बहिणीला सांगताय की दवंडी देताय? म्हणून कागदावर लिहितो. तुझा गुडघा कसा आहे ते कळव.

रागात लिहितोय, अक्षराकडे बघू नकोस. आपल्या नदीत कोणीतरी दगड रोवलेत. चुना फासलेले, हद्दीचे दगड. जळगावकडचे कोणी प्लॉटवाले आहेत, काठावरची गोटाळ जमीन घेतली आणि तिच्याबरोबर नदीचं अर्धं पात्रही आपलंच समजून बसलेत. फार्महाऊसचे प्लॉट पाडणार. मोठा बोर्ड लावलाय, ‘निसर्गाच्या कुशीत आपलं घर’. कुशीत कसलं, उरावर म्हण.

तुला आठवतं ना, सातपुड्यातून नदी कशी भरून येते आणि आपल्या शिवारात शिरली की गोट्यांत हरवते? चिंचेच्या झाडाखाली तर ती, एखादा पूर सोडून, बारा महिने कोरडी. बाहेरचा माणूस बघतो आणि म्हणतो, ही नदी मेली. मेली नाही, ती खाली उतरते आणि आमच्या विहिरींतून वर येते. आपल्या गावाची आणि पलीकडच्या बोरखेड्याची केळी त्या पाण्यावर उभी आहे. त्या गोट्यांवर काँक्रीट ओतलं तर आमच्या विहिरी किती दिवस टिकतील, तूच सांग.

तो पट्टा सरकारी आराखड्यात बांधकामाला बंद आहे, हे मला तूच सांगितलं होतंस. प्लॉटवाल्यांनी तो पट्टा वगळावा म्हणून अर्ज केलाय. कारण काय दिलंय, तर इथे नदीच नाही! दोन्ही गावांनी हरकत घेतली आहे. सरपंच अभिमननेही सही केली, त्याचं जरा नवल वाटलं, कारण जमीन विकणारा त्याचा साडूच. आता जानेवारीत जळगावच्या कचेरीतले साहेब जागा पाहायला येणार. तू जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढलेस. मी काय करू ते लिही.

तुझा,
जीवराम


देवपूर, धुळे
१६ डिसेंबर २०२४

चि. जीवराम,

अनेक आशीर्वाद. गुडघा आहे तिथेच आहे, त्याची काळजी नको.

तुझं पत्र वाचून दुपारचं जेवण गेलं नाही. नदीच नाही म्हणे! मी नोकरीला होते तेव्हा तुमच्या त्या पट्ट्याचा नकाशा माझ्या हातून गेलाय. डोंगरातून आलेले गोटे आणि वाळू पायथ्याशी पसरतात, पाणी त्यांत मुरतं. आमच्या नकाशांवर त्याला ‘बझाडा’ लिहीत. त्याच्यावर मी स्वतः आडव्या रेघा मारल्यात, म्हणजे इथे बांधायचं नाही. त्या रेघा आता या लोकांना टोचायला लागल्या.

इथे पांझरेला मोठा पूर आला होता तेव्हा शेजारच्या वच्छलाबाईंच्या ओट्याला पाणी लागलं. मी घाबरले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, “नदी तिनी जागा भूलत नही, माय.” एवढी साधी गोष्ट ओट्यावरच्या बाईला कळते आणि प्लॉट पाडणाऱ्याला कळत नाही. कळत नाही कसं, कळतं. प्लॉट विकून तो जाणार जळगावला, विहिरीत वाकून बघणार तुम्ही.

आता एक गोष्ट लक्षात ठेव. असे साहेब गाडीतून उतरत नाहीत. काच खाली करतात, मान हलवतात आणि निघतात. त्याला घाईने जाऊ देऊ नकोस. थांबव, नीट बसव, ती जागा त्याच्या डोळ्यांत भरली पाहिजे. जागेवर जे दिसेल तेच तो लिहिणार.

सुनंदाला आशीर्वाद.

तुझी,
अक्का


कोळझिरे
१२ जानेवारी २०२५

ती. अक्का,

नमस्कार. तू म्हणालीस तसंच केलं आणि सगळं झकास पार पडलं! साहेबांना घाईने जाऊ दिलं नाही. सकाळी आले ते उन्हं कलल्यावर गेले.

थंडीचे दिवस, वांगी ऐन बहरात. मी म्हटलं, साहेबांना बसवायचं तर नुसतं खुर्चीवर कसं बसवणार? नदीतच भरिताचा बेत केला. आपली ती मोठी हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजली. सुनंदाने आणि शेजारच्या कुंदाबाईने मिरच्या-लसूण लाकडी बडगीत ठेचले. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात, केळीच्या पानांवर वाढप. बोरखेड्याचे लोकही आले. दोन्ही गावांची एकी साहेबांना दिसली पाहिजे ना.

पण अक्का, त्या गोट्यांत माणूस मांडी घालून बसणार कसा? गाडी तर येऊच शकत नव्हती. म्हणून आदल्या दिवशी जेसीबी लावून चिंचेपासून वरपर्यंत पात्र सपाट केलं. मोठे गोटे काठाला लोटले, वर मुरूम टाकला, टँकरने पाणी मारून धूळ बसवली. मांडव घातला. इतकं साफ मैदान झालं की पोरांनी क्रिकेटचा डाव मांडला. साहेबांची गाडी थेट मांडवापर्यंत आली.

साहेबांनी भरीत दोनदा मागून घेतलं. मी स्वतः बादली घेऊन वाढत होतो, तेव्हा त्यांच्या माणसाने माझा फोटोही काढला. जाताना म्हणाले, जागा फार छान आहे. तुझं म्हणणं होतं की जागा डोळ्यांत भरली पाहिजे. भरली बघ.

सुनंदा नमस्कार सांगते. तू हवी होतीस.

तुझा,
जीवराम


देवपूर, धुळे
१८ जानेवारी २०२५

जीवराम,

तुझं पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. वाटलं, माझंच काही चुकतंय. चुकत नव्हतं.

अरे, ज्या नदीसाठी भांडायचं तिच्यातच मांडव घातलास? समोरचा म्हणतो, इथे नदी नाही. आणि तू जेसीबी लावून, मुरूम टाकून, वर पाणी मारून त्याचं म्हणणं खरं करून दाखवलंस! साहेबाला गोटे दिसायला हवे होते, ते तू काठाला लोटलेस. त्याचे बूट वाळूत रुतायला हवे होते, चार पावलं चालून त्याने विचारायला हवं होतं की ही वाळू आली कुठून. तू त्याची गाडी पंगतीत आणून उभी केलीस. पायावर धोंडा मारून घेणारे पाहिलेत मी, पण धोंडे बाजूला सारून पायावर मारून घेणारा तूच पहिला.

मी ‘बसव’ लिहिलं होतं. जेवायला बसव असं लिहिलं होतं का? पण आपल्या लोकांना दुसरं सुचतच नाही. दारात कोणीही येवो, पोलीस येवो नाहीतर जप्तीवाला, आधी पान मांडायचं, मग काय काम काढलंत ते विचारायचं. आजवर मला याचा अभिमान होता. आज नाही.

आणि त्या साहेबाला काय म्हणू? हरकत घेणाऱ्यांच्या पंगतीत बसून दोनदा भरीत घेणारा माणूस काय पाहणी करणार? त्याला कोणी विचारलं नाही की बाबा, तू पाहायला आलास की पाहुणचाराला?

एकाच प्रश्नाचं उत्तर पाठव. तो जेसीबी कोणाचा होता?

अक्का


कोळझिरे
९ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का,

नमस्कार. तुझं पत्र सुनंदाला दाखवलं नाही.

तू उगाच मनाला लावून घेतेस. साहेब भला माणूस आहे. जाताना त्याने हात जोडले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. ज्याने आपलं मीठ खाल्लं तो आपल्याविरुद्ध लिहील का? मुरुमाचं काय घेऊन बसलीस, पहिल्या पुरात वाहून जाईल.

बाकी बरं. थंडीने केळीला चरका बसलाय, पानं करपली. इकडचे भाव पडलेत. फैजपूरला परवा गेलो होतो, तुझ्या मैत्रिणीची मुलगी मोहिनी भेटली, तुझी चौकशी करत होती.

तुझा,
जीवराम


कोळझिरे
४ मे २०२५

ती. अक्कांना,

सुनंदाचा नमस्कार. हे लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. माझ्या शुद्धलेखनाला हसू नका.

मार्चमध्ये साहेबांचा अहवाल आला. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला. त्यात लिहिलंय की जागेवर सपाट मैदान आढळले, पाण्याचा प्रवाह नाही, नदीपात्राची कोणतीही खूण नाही, गावकरी जागेचा वापर जेवणावळी आणि खेळासाठी करतात, सबब पट्टा वगळण्यास हरकत नसावी. खाली पुरावा म्हणून फोटो आहे. फोटोत हे आहेत, हातात भरिताची बादली, हसताहेत. लोक येता-जाता तो फोटो पाहायचे. तेव्हापासून हे पारावर गेले नाहीत. मळ्यात जायलाही मागची वाट धरतात. रात्री जेवताना मी वांगं वाढलं तर ताट सारून उठले.

तुमची दोन पत्रं मी यांच्या उशीखाली पाहिली. जेसीबीचं उत्तर यांनी तुम्हाला दिलं नाही, ते मी देते. जेसीबी, मुरूम आणि टँकर सरपंच अभिमनने आणून दिला, फुकट. म्हणाला, गावाचं काम आहे जीवरामभाऊ, माझ्याकडून एवढं तरी होऊ द्या. मागून कळलं, तिन्ही वस्तू प्लॉटवाल्यांच्या होत्या. यांना ते जानेवारीतच कळलं होतं. तुमच्यापासून लपवलं. रागावू नका, अक्का. हा माणूस स्वतःवर जेवढा रागावलाय तेवढं तुम्हाला जमणार नाही.

आता आखाजीच्या सणाचं सांगते. सगळ्या लेकी माहेरी आल्या होत्या. झोके बांधले. गौराई बोळवायला आम्ही नदीवर गेलो. पलीकडून बोरखेड्याच्या बाया आल्या. दर वर्षी आपण या काठावरून त्यांना शिव्या घालायच्या, त्यांनी त्या काठावरून आपल्याला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचा आवाज तर अजून लोक काढतात. पण या वेळी मध्ये प्लॉटवाल्यांनी घातलेलं तारेचं कुंपण! गौराई घेऊन आम्ही तारेला धरून उभ्या. बोरखेड्याची बेबाबाई पलीकडून ओरडली, आणि काय ओरडली ऐका:

“कोळझिऱ्याचा जीवरामभाऊ नदीत पंगत घाली,
पाहुना गेला ढेकर देत, नदी उपाशी राह्यली!”

आमच्याकडच्या बाया उलट शिवी देण्याऐवजी हसल्या आणि तेच म्हणायला लागल्या. दोन्ही काठांनी मिळून माझ्या नवऱ्याला शिव्या घातल्या, अक्का. मलाही आधी हसू आलं, मग इतका संताप आला की सांगता सोय नाही. मी म्हटलं, अगं, एकट्या जीवरामला काय म्हणता? वांगी मी भाजली, मिरच्या कुंदाबाईने ठेचल्या, पुऱ्या तुम्ही लाटल्या. आणि अभिमनला कोण शिव्या घालणार? मग त्याच्याही नावाचं गाणं झालं. ते लिहिण्यासारखं नाही.

कुंपण तिथेच पाडलं. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही गावच्या बाया पाट्या घेऊन मुरूम उचलताहेत, काठावर ढीग घालताहेत. पुरुष लाजून मागून आले. काल संध्याकाळी हेही आले, पाटी उचलली. आणि बायांनी एक ठरवलंय. पुन्हा कोणी साहेब आला तर कोणाच्या चुलीवर चहाचं आधणसुद्धा चढणार नाही.

पण पुन्हा साहेब येणार कसा? ते तुम्हीच करा. तुमच्याशिवाय कोणी नाही.

तुमची,
सुनंदा


देवपूर, धुळे
१९ जून २०२५

सौ. सुनंदा आणि चि. जीवराम,

आशीर्वाद. जळगावला जाऊन आले. एकदा गेले तर साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा साहेब बैठकीत. तिसऱ्या वेळी डबा घेऊन गेले आणि त्यांच्या दारासमोरच्या बाकावर बसून खाल्ला, तेव्हा आत बोलावलं.

मी म्हटलं, नदीचं पाणी कुठे मुरतं ते पाहण्यासाठी नदी वाहत असताना फेरपाहणी करा, वरच्या बंधाऱ्यापासून चिंचेपर्यंत पायी. हा घ्या अर्ज. तर म्हणतात, आजी, जागा पाहिली आहे. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही, मोठ्याने बोला. ते म्हणाले, पाहणी झालीय! मी म्हटलं, काय झालंय? ते ओरडले, पाहणी! मी विचारलं, पाहिलंत काय? ते म्हणाले, मैदान होतं. मी म्हटलं, ऐकू आलं नाही. तुम्ही तिथे काय करत होतात? शेवटी चिडून इतक्या जोरात ओरडले की अख्ख्या कचेरीची माणसं माना वर करून पाहायला लागली. “आम्ही तिथे जेवलो होतो!”

“आता ऐकू आलं,” मी म्हटलं.

मग त्यांनी अर्ज घेतला, शिक्का मारला. बहिरेपणाचा मला एवढा उपयोग आजवर झाला नव्हता.

जिने उतरताना मात्र संताप आवरेना. कसली माणसं आहेत ही! नियम चांगला आहे, नकाशा बरोबर आहे, रेघा मी माझ्या हाताने मारल्यात. आणि तो मोडायला काही लागत नाही, एक सपाट केलेली जागा आणि एक भरलेलं पोट पुरतं. कुंपणानेच शेत खाल्लं तर राखण करणाऱ्याने जायचं कुठे? बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मी रस्त्यात उभी राहून एकटीच बडबडत होते. एका रिक्षावाल्याने विचारलं, आजी, बरं आहे ना?

फेरपाहणी ऑगस्टमध्ये धरली आहे. जीवराम, तुला या वेळी मी काहीही सुचवत नाही. तू माझ्या शब्दांचा काय अर्थ काढशील याची मला खात्री नाही. फक्त सुनंदाचं ऐक.

अक्का


कोळझिरे
७ सप्टेंबर २०२५

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. आधी निकाल सांगतो म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. नवा अहवाल आला. वरच्या बंधाऱ्याशी प्रवाह आहे, पुढे तो गोट्यांत मुरतो, पट्टा वगळू नये, असं लिहिलंय. प्लॉटवाले वर अपिलात गेलेत आणि त्यांचा बोर्ड अजून उभाच आहे. म्हणजे भांडण संपलेलं नाही. पण काम बंद पडलंय.

आता पाहणीचं. तोच साहेब आला. मुरुमाचा रस्ता आम्ही उचलून टाकला होता, त्यामुळे गाडी वर डांबरीवरच ठेवावी लागली. दोन्ही गावं काठाने उभी होती, कोणी रामराम केला नाही. अक्का, तुला खोटं वाटेल, पण त्या माणसाला नुसतं उभं असलेलं पाहून माझे हात शिवशिवत होते. दारात आलेला माणूस आणि मी त्याला ‘या, बसा’सुद्धा म्हणत नाही! सुनंदा माझ्याकडे बघत होती. मी हात मागे बांधून ठेवले.

बंधाऱ्याशी पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं. तिथून आम्ही त्याला पात्रातून चालवत आणलं, एकही आडवाट दिली नाही. गोट्यांवरून घसरत, वाळूत रुतत तो येत होता. खाली येईल तसं पाणी कमी होत गेलं. पोटरीपर्यंत आलं, मग घोट्याला, मग नुसती ओल उरली, आणि चिंचेपाशी काहीच नाही. तो थांबून मागे बघायचा, पुन्हा खाली बघायचा. एवढं पाणी गेलं कुठे, हे त्याने कोणाला विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

चिंचेखाली येईपर्यंत ऊन चढलं होतं. तो घामाने निथळत होता, चेहरा लाल झालेला. पाण्याची बाटली वर गाडीत राहिलेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं होतं त्याने मला, फोटोतला बादलीवाला. म्हणाला, “भाऊ, जरा पाणी मिळेल का प्यायला?”

आयुष्यात मी कोणाला पाण्याला नाही म्हटलेलं नाही, अक्का. वैऱ्यालाही नाही. पण त्या क्षणी फळ्यावरचा तो फोटो, उशीखाली ठेवलेली तुझी पत्रं, बायांचं गाणं, सगळं एकदम आठवलं. आणि आपली बोलीच तोंडातून निघाली.

“पानी? अठी कोठून येईन पानी, साहेब? तुमच्या कागदात तं नदीच नाही!”

ओठ कोरडे पडलेले साहेबाचे, ते त्याने जिभेने ओले केले. आणखी थोडा वेळ गेला असता तर मीच पळत जाऊन तांब्या आणला असता आणि सगळ्यावर पाणी ओतलं असतं.

तेवढ्यात सुनंदा पुढे झाली. तिने त्याला हाताने खूण केली आणि चालायला लागली, तो मागोमाग. काठावरच्या आपल्या विहिरीशी नेलं. बादली आणि दोर त्याच्या हातात दिला. त्याने स्वतः बादली सोडली, स्वतः ओढली, दोर हाताला काचत होता ते दिसत होतं. वाकून ओंजळीने प्यायला. पुन्हा प्यायला. मग तोंड पुसून विहिरीत वाकून बघत राहिला, वरपर्यंत भरलेली विहीर. तिथून मान वळवून त्याने कोरड्या नदीकडे पाहिलं.

म्हणाला, “पाणी फार गोड आहे हो तुमचं.”

सुनंदा दिवसभर एक शब्द बोलली नव्हती. तिने दोर त्याच्या हातातून काढून घेतला.

“मंग ते बी लिहा,” ती म्हणाली.

तुझा,
जीवराम